आजपर्यंतची सरासरी: टेपचं एक टोक धरायचं, एक सोडायचं



मागच्या वेळी आपण मोबाइलमधल्या शीटवर विक्रीची बेरीज करायला शिकलो. आज सरासरी. तीही महिनाअखेरची एकच सरासरी नाही, तर रोज संध्याकाळी "आजपर्यंत दिवसाला किती पडलं" हे सांगणारी. हा धडा का लिहायला घेतला, ते आधी सांगते, कारण त्यात चूक माझीच आहे.

गेल्या गणपतीच्या आधी आपल्या प्रभागसंघातला एक गट मोदकाचं पीठ घेऊन मुंबईत लालबागला बसला होता. गटातल्या एका वहिनींच्या दिरांची तिथे चाळीत खोली आहे. खाली जिन्याजवळ टेबल टाकायला जागा मिळाली. अर्ध्या किलोचं पाकीट ७० रुपयांना. चतुर्थीच्या आधीचे १२ दिवस बसायचं ठरलं होतं. आठव्या दिवशी संध्याकाळी सातला काकींचा फोन आला, "मॅडम, पहिली खेप संपली. रात्री गावाहून टेम्पो निघतोय. किती पाकिटं भरायला सांगू?" गावात १८० पाकिटं तयार होती. पण सगळी पाठवून उरली तर परत आणायचं भाडं पुन्हा गटाच्याच अंगावर, आणि पावसाळी हवेत पिठात अळी व्हायला वेळ लागत नाही. मी फोनवरच शीट उघडली. सरासरी ३० दिसली. राहिलेले दिवस ४. म्हटलं, "१२० पाठवा."

अकराव्या दिवशी दुपारी पीठ संपलं. बारावा दिवस, म्हणजे चतुर्थीच्या आदला दिवस, काकी रिकाम्या टेबलाशी बसून "संपलं हो" एवढंच सांगत राहिल्या. ६० पाकिटं, म्हणजे ४,२०० रुपयांचा माल, गावात पडून राहिला. सरासरी चुकली नव्हती. मी ती कशी आली हे न बघता उत्तर दिलं होतं.

आता शीट उघडा आणि माझ्याबरोबर करत चला.

ए रकान्यात तारीख, बी रकान्यात त्या दिवशी विकलेली पाकिटं. पहिल्या ओळीत मथळे, म्हणजे पहिला दिवस दुसऱ्या ओळीत येतो आणि आठवा दिवस नवव्या ओळीत. बी मध्ये दुसऱ्या ओळीपासून खाली हे आकडे भरा: २०, ३०, २५, ०, ३०, ४०, ४५, ५०. (शीटमधल्या एका चौकोनाला 'सेल' म्हणतात, पण आपल्याकडे सेल म्हटलं की कपड्यांचा सेल डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी 'घर' म्हणणार आहे.) शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांतच टाका. आणि "२५ पाकिटं" असं लिहू नका, नुसता आकडा. शब्द जोडला की शीट त्याला आकडा मानत नाही आणि सरासरीतून गुपचूप वगळते, काही तक्रारही करत नाही. ओळखायची खूण अशी, की आकडा घराच्या उजव्या कडेला चिकटतो आणि अक्षरं डाव्या कडेला.

वहीत आपण हे कसं केलं असतं? पहिल्या दिवशी २०, सरासरी २०. दुसऱ्या दिवशी २० आणि ३० मिळून ५०, भागिले २, सरासरी २५. तिसऱ्या दिवशी ७५ भागिले ३, पुन्हा २५. रोज बेरजेत एक आकडा वाढतो आणि भागायचा दिवसही एकाने वाढतो. सुरुवात मात्र तीच, पहिला दिवस. शीटला आपल्याला एवढंच सांगायचंय: सुरुवात हलवू नकोस, शेवट रोज एक घर खाली ने.

सी रकान्यात, दुसऱ्या ओळीतल्या घरात हे टाईप करायचं:

=अ‍ॅव्हरेज(बी$२:बी२)

इथे छापताना मी मराठीत लिहिलंय, शीटमध्ये सगळी अक्षरं आणि अंक इंग्रजीच हवेत. अ‍ॅव्हरेजचं स्पेलिंग ए, व्ही, ई, आर, ए, जी, ई. डॉलरचं चिन्ह मोबाइलच्या कीबोर्डवर चिन्हांच्या पानावर मिळतं. बऱ्याच फोनवर रुपयाच्या चिन्हावर बोट दाबून धरलं की बाजूला डॉलर येतो.

मग ते घर कॉपी करा, त्याच्या खालची घरं निवडा आणि पेस्ट करा. आता सी रकान्यातल्या नवव्या ओळीतल्या घरावर टिचकी मारून बघा. तिथे आपोआप बी$२:बी९ झालेलं असेल. डॉलर लावलेला २ जागचा हलला नाही. डॉलर नसलेला २ खाली सरकत ९ झाला.

ब्लाउजचं माप घेताना आपण टेपचं एक टोक खांद्यावर अंगठ्याने दाबून धरतो आणि दुसरं खाली सोडत नेतो. डॉलर म्हणजे तो अंगठा. तो नसला तर काय होतं, हे त्या गटाच्या हिशोब लिहिणाऱ्या ताईंनी माझ्या लक्षात आणून दिलं होतं. मी घाईत डॉलर न लावता फॉर्म्युला खाली चिकटवला होता. त्या म्हणाल्या, "मॅडम, ही कसली सरासरी? विक्री ३० तर सरासरी पण ३०, विक्री २५ तर सरासरी पण २५." बरोबरच होतं त्यांचं. दोन्ही टोकं खाली सरकली होती, त्यामुळे प्रत्येक ओळीत एकाच दिवसाची "सरासरी" निघत होती. तुमच्या शीटमध्ये बी आणि सी रकाना अगदी जुळा दिसला, तर आधी डॉलर शोधा.

बरोबर केलं असेल तर तुमच्याकडे असं दिसेल. आधी दिवस, मग विक्री, मग आजपर्यंतची सरासरी:

दिवस १ : २० : २०
दिवस २ : ३० : २५
दिवस ३ : २५ : २५
दिवस ४ : ० : १८.७५
दिवस ५ : ३० : २१
दिवस ६ : ४० : २४.१७
दिवस ७ : ४५ : २७.१४
दिवस ८ : ५० : ३०

एक सल्ला. फॉर्म्युला पुढच्या रिकाम्या तारखांवर आधीच चिकटवून ठेवू नका. ठेवलात तर नवव्या, दहाव्या, अकराव्या दिवसासमोरही ३० दिसत राहील आणि एखादीला वाटेल की त्या दिवसांची विक्री भरून झाली. रोज संध्याकाळी आकडा टाकला की एकच घर खाली कॉपी करायचं. दोन सेकंदांचं काम आहे, आणि त्या निमित्ताने आकड्याकडे रोज नजर जाते. अजून एक, पहिला दिवस लिहायचा राहिला म्हणून वर नवीन ओळ घुसवलीत तर डॉलरचा २ बदलून ३ होतो आणि नवा दिवस हिशोबाबाहेर राहतो. अशा वेळी सी रकाना वरपासून पुन्हा लिहिलेला बरा.

आता चौथ्या दिवसाकडे या. तिथे शून्य का आहे? त्या दिवशी पाऊस कोसळत होता, हिंदमाताला पाणी भरलं होतं, टेबल मांडलंच नाही. मी शून्य लिहिलं. काकींच्या वहीत त्या तारखेसमोर नुसती आडवी रेघ होती. दोघींच्या लिहिण्यात फरक काय पडतो, ते करून बघा. शीटमधलं शून्य पुसून घर रिकामं करा. आठव्या दिवसाची सरासरी ३० वरून एकदम ३४.२९ होते.

कारण असं, की सरासरी काढताना शीट रिकामं घर मोजतच नाही, शून्य मात्र मोजते. २४० पाकिटं ८ दिवसांत वाटली तर ३०, आणि टेबल मांडलेल्या ७ दिवसांत वाटली तर ३४.२९. दोन्ही आकडे खरे आहेत, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. जागेचं भाडं, मुंबईत राहायचा आणि जेवणाचा खर्च दिवस बुडला तरी लागतोच. तो खर्च निघतोय का हे बघायचं असेल तर शून्य लिहा. टेबल मांडलं तर दिवसाला किती माल लागेल हे बघायचं असेल तर घर रिकामं सोडा. मला विचारलं होतं मालाचं आणि मी उत्तर दिलं शून्य धरून. तिथेच १७ पाकिटं कमी झाली, कारण ३४.२९ ने चार दिवसांची १३७ होतात.

याच मुंबईत, लालबागपासून फार लांब नाही अशा गिरगावात, एक गोष्ट घडली होती ती इथे चपखल बसते. लिज्जत पापड तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर ७ बायका जमल्या. ८० रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची ४ पाकिटं झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाल्याचं सांगतात. आता सरासरी काढा. १२ महिन्यांनी भागलं तर महिन्याला साधारण ५१६ रुपये. पण त्या पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे काम चाललेले महिने धरले तर ८, आणि सरासरी साधारण ७७४ रुपये.

गच्चीवरच्या एखादीला "तुमचा धंदा महिन्याला किती?" असं विचारलं असतं तर तिने कोणता आकडा सांगायचा? घर वर्षभर चालवायचं आहे, पावसाळ्यातही पोटाला लागतं, म्हणून घरखर्चाच्या हिशोबाला ५१६. पण पुढच्या चालू महिन्याला डाळीचं पीठ किती आणायचं, याला ७७४. आणि मला वाटतं या दोन आकड्यांमधला फरक हाच सगळ्यात कामाचा आकडा आहे, कारण बंद पडलेल्या दिवसांनी किती खाल्लं ते त्यातून कळतं. त्या बायकांनी पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पावसात पापड वाळायला लागले आणि ते चार महिने भरून निघाले. आपल्या गटाला हिंदमाताचं पाणी काही थांबवता येणार नाही, पण पावसाच्या दिवशी चाळीत दारोदार चार पिशव्या फिरवता आल्या असत्या का, हा विचार शून्याकडे बघूनच सुचतो. म्हणून माझं मत असं, की बंद दिवसाचं घर रिकामं सोडलंत तरी शेजारच्या रकान्यात "पाऊस, बंद" असं लिहाच. नाहीतर महिन्याने ती रिकामी जागा बघून कुणाला वाटेल की आकडा भरायचा राहिला.

पण ३४ घेतलं असतं तरीही पीठ कमीच पडलं असतं. आता माझी दुसरी चूक.

आजपर्यंतच्या सरासरीचा स्वभाव जड आहे. दिवस जसे वाढतात तशी ती हलेनाशी होते. पहिल्या आठवड्यात एका दिवसाने ती चटकन वरखाली होते, महिनाभरानंतर एखादा दिवस दुप्पट गेला तरी तिला फारसं कळत नाही. लालबागच्या विक्रीकडे पुन्हा बघा. शेवटचे तीन दिवस ४०, ४५, ५०. विक्री चढत चालली होती आणि ते साहजिकच होतं. चतुर्थी जवळ आली होती, परळ-लालबागच्या मूर्तींच्या कारखान्यांकडे गर्दी वाढली होती, आणि कोकणात गावी जाणारी घरं निघायच्या आधी खरेदी उरकत होती. सरासरी मात्र पहिल्या दिवसाच्या २० ला अजून धरून बसली होती.

म्हणून डी रकान्यात शेजारी दुसरी सरासरी ठेवा, शेवटच्या तीन दिवसांची. तिसऱ्या दिवसाच्या, म्हणजे चौथ्या ओळीतल्या घरात लिहा:

=अ‍ॅव्हरेज(बी२:बी४)

यात डॉलर नाही, आणि इथे नकोच आहे. खाली कॉपी केलं की दोन्ही टोकं एकेक घर सरकतात, तीनच दिवसांची खिडकी खाली खाली जाते. मघाशी जी चूक होती, तीच इथे कामाला येते. आठव्या दिवसासमोर डी मध्ये ४५ येईल. चौथ्या ते सहाव्या दिवसापर्यंत इथेही शून्य आणि रिकाम्याचा प्रश्न येतोच, तो तसाच सोडवा. हिशोब अगदी ताजा हवा असेल तर तीन, रोजची ये-जा मोठी असेल तर सात दिवस घ्या. आठवडी बाजारात बसणाऱ्या गटांनी शेवटचे तीन बाजार धरावेत.

आता आठव्या दिवशी संध्याकाळी सातला फोन आला असं समजा. सी मध्ये ३०, डी मध्ये ४५. डी जर सी पेक्षा बराच वर असेल तर विक्री चढतीला आहे, खाली असेल तर उतरतीला. ४५ ने चार दिवसांची १८० होतात, म्हणजे गावात होती तेवढी सगळी. तेवढीच खपली असती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. चतुर्थीच्या दिवशी सकाळनंतर मोदकाच्या पिठाचं गिऱ्हाईक संपतं, हे शीटला माहीत नसतं. ते काकींना माहीत असतं. पण "सरासरी ३०, शेवटच्या तीन दिवसांची ४५, गावात १८० आहेत, तुम्हाला काय वाटतं?" असं मी विचारलं असतं, तर काकींनी १५० ते १८० मधला काहीतरी आकडा सांगितला असता. मी आकडा तयार करून दिला, म्हणून त्यांनी स्वतःचा अंदाज बोलून दाखवलाच नाही. नंतर त्या म्हणाल्या, "मला कमी वाटलेलं, पण तुम्ही कॉम्प्युटर बघून बोललात ना." हे वाक्य मी विसरणार नाही.

दोन ठिकाणी बसणाऱ्या गटांसाठी एक गोष्ट पटकन. समजा लालबागला ८ दिवस, सरासरी ३०. दादरला ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर ४ दिवस, सरासरी ६०. दोन्ही मिळून एका बैठकीला किती? ३० आणि ६० च्या मधला ४५ असं बहुतेक जणी पटकन सांगतात. तसं नाही. लालबागला २४०, दादरलाही २४०, एकूण ४८० पाकिटं, एकूण बैठका १२, म्हणून ४०. सरासऱ्यांची सरासरी काढायची नाही, मूळ आकड्यांवर परत जायचं. ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकत्र करतानाही हेच लक्षात ठेवा, कारण १० जणींच्या गटाची आणि २० जणींच्या गटाची सरासरी एकाच वजनाची नसते.

हाच डॉलर बेरजेलाही चालतो. अ‍ॅव्हरेजच्या जागी सम लिहिलंत, एस, यू, एम, तर रोज आजपर्यंतची एकूण विक्री मिळेल. बचतीच्या वहीशी ताळा करायला ते उत्तम. अधूनमधून एखाद्या ओळीत एकूण भागिले दिवस असं हाताने करून सरासरी जुळते का बघत जा. नाही जुळली तर बहुतेक वेळा एखाद्या घरात आकड्याऐवजी अक्षरं असतात.

सरावासाठी एक छोटा हिशोब. अंडी विकणाऱ्या एका ताईंचे सहा दिवस: १२, १८, रिकामं (गावाला गेल्या होत्या), १५, ० (टोपली घेऊन बसल्या पण एकही गेलं नाही), २०. बी रकान्यात दुसऱ्या ओळीपासून भरा, सी मध्ये फॉर्म्युला लिहून खाली न्या. शेवटच्या घरात १३ आलं पाहिजे. १०.८३ आलं तर रिकाम्या घरात शून्य पडलंय. १६.२५ आलं तर टोपली घेऊन बसलेला दिवस तुम्ही लिहायचा सोडलात. आणि २० आलं तर डॉलर राहिलाय.